वाचकांचे प्रश्न : इंजिनाची ओळख

प्रश्न : मुरगाव-कॅसलरॉक मार्गावरचे जुने वाफेचे इंजीन पुढे एखाद्या कारखान्याला विकले गेले असल्यास ते ओळखावे कसे? – एक वाचक, वास्को

उत्तर : केबिनवरच्या रंगवलेल्या क्रमांकावर विसंबू नये, कारण मालक बदलला की तो बदलतो. इंजीन घडवणाऱ्या कारखान्याने दिलेला अनुक्रमांक मात्र कायम राहतो व तो पितळी पाटीवर वर्षासह कोरलेला असतो. अर्थात पाट्या चोरीला जातात, बॉयलरही बदलले जातात. म्हणून काजळी पुसून जोडदांड्यांवर (चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांवर) ठोकलेले आकडे पाहावेत, पण दांडेही अदलाबदल झालेले असू शकतात. गेजही (दोन रुळांमधले, म्हणजेच चाकांमधले अंतर) मोजावा : हा मार्ग 1990च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होता.