ग्विडियन वाचायला घेताना

ग्विडियनची ओळख तुम्हाला लॉइड अलेक्झांडर यांच्या १९६४ पासूनच्या कादंबऱ्यांतून झाली असेल, तर तिथला धीरोदात्त राजपुत्र क्षणभर बाजूला ठेवून आधी ‘मॅबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहाची चौथी शाखा, म्हणजे चौथी कथा, वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. मूळ वेल्श कथेतला हा मांत्रिक अळंब्यांपासून सोन्याने मढलेल्या ढाली घडवतो, त्यांच्या मोबदल्यात दक्षिणेकडचा राजा प्रिडेरी याची डुकरे मिळवतो आणि त्यातून पेटलेल्या युद्धात प्रिडेरीलाच ठार करतो. याबद्दल त्याचा मामा माथ त्याला तीन वर्षे पशुरूपात राहण्याची कठोर शिक्षा देतो. तरीही झाडावर गरुड होऊन झिजत बसलेल्या आपल्या भाच्याला, ल्लेउला, तीन कडवी गाऊन तो फांदीफांदीने खाली, आपल्या मांडीवर उतरवतो, तो प्रसंग सावकाश वाचा. मला त्याहून हृद्य काही या शाखेत आढळत नाही. त्यानंतरच अ‍ॅलन गार्नर यांची १९६७ ची ‘द आउल सर्व्हिस’ हाती घ्यावी, कारण फुलांपासून घडवलेल्या आणि पुढे घुबड झालेल्या ब्लोदेउवेदचे, म्हणजे ल्लेउच्या पत्नीचे, दुःख तिथे आधुनिक वेल्श खोऱ्यातल्या तीन मुलांना कसे ग्रासते, हे मूळ कथा ठाऊक असल्याशिवाय नीट उमगत नाही.