पॉवरलूमच्या तिकिटासाठी ठेव मोडू का?

वडगावात चार माग, बँकेत अडीच लाखांची मुदत ठेव, आणि ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे भारतीय उद्योगांवरच्या टपाल तिकिटांचा अल्बम. ते अडीच लाख मागतात, दहा वर्षांत दुप्पट होतील म्हणतात. ठेव मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका. अल्बम बघायला मात्र जा.

तुमचा जीव कुठे अडकलाय ते पत्रातून कळलंच: 1955 च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेतलं 6 पैचं तिकीट, त्यावर पॉवरलूम. आपला धंदा तिकिटावर बघून कुणाचाही हात खिशाकडे जाईल. पण ही रोजच्या वापराची मालिका. 3 पैचा ट्रॅक्टर, 6 पैचा माग अशी तिकिटं नाशिकच्या छापखान्यातून ढिगाने निघाली आणि शिक्के बसून घरोघरी पडून राहिली. त्यांना भाव नाही. असलाच तर वरच्या किमतींना, म्हणजे 5 रुपयांचा सिंद्रीचा खत कारखाना, 10 रुपयांचा पोलाद कारखाना. तोही कोरं तिकीट असेल आणि मागचा डिंक शाबूत असेल तर.

म्हणून तिकीट चिमट्याने उलटं करून बघा. डिंकावर चिकटपट्टीची खूण आहे? तपकिरी ठिपके आहेत? दातेरी कडेचा एखादा दात तुटलाय? आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनासुद्धा कुबट वास येतो, तिथे सत्तर वर्षांच्या डिंकाचं काय होत असेल!

आता हिशेब. अडीच लाखांचा आकडा बहुधा कॅटलॉगमधून, म्हणजे तिकिटांच्या छापील भावयादीतून, आलाय. तो व्यापाऱ्याचा विकायचा भाव. तुमच्याकडून घेताना तो निम्मे देईल, कधी त्याहून कमी. 7 टक्क्यांनी ठेव साधारण दहा वर्षांत पाच लाख होते. अल्बममधून तेवढेच हातात यायचे, तर कॅटलॉगचा भाव दहा लाखांवर जायला हवा. दुप्पट नव्हे, चौपट! शिवाय उद्या सूत महागलं किंवा मोटर जळली, तर ठेव थोडा दंड भरून त्याच दिवशी मोडता येते. अल्बमला गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल.

मुलगी आठवीत आहे म्हणालात. मला तर त्यात जास्त रस वाटला. टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजना, म्हणजे तिकिटं जमवायच्या छंदासाठीची शिष्यवृत्ती, सहावी ते नववीच्या मुलांसाठी आहे, निवड झाली तर वर्षाला 6000 रुपये. तिच्या नावाने फिलॅटेली डिपॉझिट अकाउंट (आगाऊ पैसे ठेवून पोस्टाकडून नवी तिकिटं मिळवायचं खातं) उघडता येईल का, ते मुख्य पोस्टात विचारा.

अल्बममधली तीन-चार तिकिटं सुटी मागा, पॉवरलूमचं धरून. पाच हजारांच्या वर जाऊ नका, आणि तेही दिवाळीच्या विक्रीतून उरले तरच. 'सगळा अल्बम घ्या नाहीतर राहू द्या' म्हणाले, तर चहा घेऊन परत या.