अनुभव नसलेल्या पदवीधराची मार्केटिंगमधील पहिली नोकरी

‘प्रत्येक जाहिरातीत एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात, पहिली नोकरीच मिळाली नाही तर तो अनुभव आणायचा कुठून?’ हा प्रश्न जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील पदवीधर मला वारंवार विचारतात. रावेर तालुक्यातील एका बी.कॉम. झालेल्या मुलीची हकिगत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. तिची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिने पुण्यातील अनेक कंपन्यांना एकच बायोडाटा पाठवला होता. ‘मेहनती’, ‘संवादकौशल्य उत्तम’ असे शब्द त्यात होते, मात्र त्यांना आधार देणारे एकही काम नव्हते. तिच्यासोबत माझ्याकडे आलेल्या वडिलांची काळजी निराळी होती. मार्केटिंग म्हणजे दारोदार फिरणे, असे त्यांना वाटत होते. त्यांची शंका निराधार नव्हती, कारण आपल्याकडे ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ या नावाखाली निघणाऱ्या कितीतरी जागा प्रत्यक्षात विक्रीच्या असतात. ते काम कमी प्रतीचे मुळीच नाही आणि ग्राहक समजून घेण्याची त्याच्याइतकी चांगली संधी क्वचितच मिळते. परंतु ठरलेला पगार किती, टार्गेट काय, फिरण्याचा खर्च कोण देणार, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. नोकरी देण्यासाठी जो नोंदणी शुल्क किंवा डिपॉझिट मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

मी तिला विचारले, “तू कोणत्या ग्राहकाला जवळून ओळखतेस?” थोडा विचार करून ती म्हणाली, “मॅडम, केळीवाल्या शेतकऱ्यांना.” तिच्या मामांचे कृषी सेवा केंद्र आहे. केळीच्या दोन हंगामांपैकी मृगबागेची लागवड जून-जुलैमध्ये होते, कांदेबागेची ऑक्टोबरच्या सुमारास. त्यानुसार खते, ठिबकचे सुटे भाग, घडांवर चढवायच्या स्कर्टिंग बॅगा यांची मागणी केव्हा वाढते, हे ती न अडखळता सांगत होती. ग्राहक कोण, त्याला काय हवे आणि केव्हा हवे, हे ओळखणे हाच मार्केटिंगचा पाया आहे आणि तो तिच्याकडे होता. बायोडाटात मात्र त्याविषयी एक अक्षरही नव्हते.

त्यानंतर तिने मामांच्या परवानगीने दुकानातच काम सुरू केले. गुगलवरील दुकानाच्या नोंदीत वेळ आणि फोन क्रमांक दुरुस्त केले, व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचा कॅटलॉग तयार केला, मृगबाग आणि कांदेबाग अशा ग्राहकांच्या दोन वेगळ्या याद्या केल्या आणि ज्याला ज्या आठवड्यात गरज असेल त्यालाच संदेश पाठवला. आलेल्या प्रत्येक ग्राहकाला ‘कशामुळे आलात?’ असे विचारून ती उत्तर वहीत लिहीत असे. ही वही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कोणत्या संदेशाला प्रतिसाद मिळाला आणि कोणता वाया गेला, हे तिला त्यामुळेच पुराव्यानिशी सांगता आले. याच काळात तिने गुगलच्या स्किलशॉप या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावरील जाहिरातींचा मोफत अभ्यासक्रमही पूर्ण केला. परंतु केवळ प्रमाणपत्रांवर विसंबणाऱ्यांना मी सांगते की हातचे काम नसेल तर मुलाखतीत त्यांचा फार उपयोग होत नाही.

शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे कंपनीत काम करत शिकण्याचा (अप्रेंटिसशिप) मार्गही मी तिच्यापुढे ठेवला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही ही वाट खुली झाली आणि उमेदवारीच्या काळात विद्यावेतन मिळते. अनेकांना हे ठाऊकच नसते.

नव्या बायोडाटात दुकानातील काम सर्वांत वर आले. अर्जही पुण्याऐवजी शेतीसाहित्य बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या जिल्ह्यातील कंपन्यांकडे गेले, कारण शेतकऱ्याशी त्याच्याच बोलीत बोलणारी, हंगाम ओळखणारी व्यक्ती तेथे खरोखरच हवी असते. जळगावच्या एका कंपनीतील मुलाखतीत तिला वही उघडायला सांगितले गेले आणि वाया गेलेल्या संदेशांवरच सर्वाधिक प्रश्न विचारले गेले. तिची निवड विद्यावेतनावर, एक वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीसाठी झाली. पगाराची नोकरी नाही म्हणून वडील प्रथम नाराज झाले, परंतु कामाचे स्वरूप आणि वर्षाअखेरीस मिळणारा अनुभवाचा दाखला समजल्यावर त्यांनी होकार दिला.