जुना वाडा, चढणारी ओल आणि अडकलेले कागद

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांमधून प्रश्नांचा ओघ वाढतो. भिंत फुगली, कौले सरकली, पालिकेची नोटीस दारावर लागली. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी अनेकांना उपयोगी पडतील असे काही निवडले आहेत. वाडा दीडशे-दोनशे वर्षांचा झाला म्हणून पडत नाही. पाणी कुठेतरी मुरत राहते, घरातले कागद कुठेतरी अडकून राहतात आणि म्हणून तो पडतो, हे माझे ठाम मत पुढच्या उत्तरांमध्ये पुन्हापुन्हा येईल.

आमच्या दुमजली वाड्याच्या तळमजल्याला कमरेपर्यंत ओल येते. तीन वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून त्यावर वॉटरप्रूफ रंग दिला. आता पोपडे सुटतात आणि ओल आणखी वर चढली आहे. पुन्हा गिलावा करावा का? (वाडामालक, कसबा पेठ)

करू नका. आधी आहे तो सिमेंटचा गिलावा उतरवा.

तुमच्या भिंती दगडी जोत्यावर उभ्या असलेल्या, जुन्या पातळ विटांच्या आणि माती किंवा चुन्यात बांधलेल्या असणार. अशी भिंत जमिनीतले थोडे पाणी ओढून घेते आणि उन्हाळ्यात ते बाहेर सोडते. चुन्याचा गिलावा तिला तसे करू देतो. सिमेंट आणि प्लॅस्टिक रंग तिचे तोंड बंद करतात. आत कोंडलेले पाणी वाट शोधत वर चढते. सोबत क्षार येतात, ते गिलाव्यामागे साचतात आणि त्यांच्या दाबाने पोपडे सुटतात. म्हणजे तुम्ही पैसे खर्च करून ओल दोन हात वर चढवलीत. तुमचा त्यात दोष नाही. आज बहुतेक गवंड्यांना दुसरे काही शिकवलेलेच नसते.

पाणी येते कुठून, ते शोधणे हे पहिले काम. पेठांमध्ये तीन जागा मी आधी पाहते. पहिली रस्ता. दर काही वर्षांनी डांबराचे थरावर थर चढतात, रस्ता उंच होतो आणि एकेकाळी दोन पायऱ्या चढून जायचा तो दिंडी दरवाजा रस्त्याच्या खाली जातो. जोते गाडले जाते आणि पावसाचे पाणी थेट विटांना भिडते. दुसरी जागा चौकातले गटार. जुनी दगडी मोरी कधीतरी फरशीखाली बुजवलेली असते, पाणी जायला वाट नसते आणि सगळा चौक भिंतींच्या पायात जिरतो. तिसरी जागा वरच्या मजल्यावरची न्हाणी आणि संडास. लाकडी कडीपाटावर विटा रचून, कोबा करून ही सोय नंतर केलेली असते. तिथली एक गळकी नळी तुळई आणि भिंत दोन्ही खाते.

हे बंद केल्यावर भिंतीला किमान एक उन्हाळा उघडी वाळू द्या. दिवाळीनंतर चुन्याचे काम काढा. चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे त्याला कडक ऊनही नको आणि धो-धो पाऊसही नको. कळीचा चुना विरवून पाण्याखाली जितका जास्त मुरवाल तितका चांगला. त्यात वाळू आणि विटांची पूड, म्हणजे सुरखी. जुने कारागीर गूळ, बेलफळ, मेथी यांचे पाणी घालत. ते आंधळेपणाने घालू नका, एका कोपऱ्यात नमुना करून पाहा. गिलावा पातळ थरांत करा आणि पुढे काही दिवस ओल्या गोणपाटाने झाका. वर चुन्याची सफेदी. ठेकेदार “थोडे सिमेंट टाकू, लवकर घट्ट होईल” असे नक्की म्हणेल. तिथे ठाम राहा.

आम्ही चार भाडेकरू १९५०च्या दशकापासून या वाड्यात आहोत. भाडे महिना साठ रुपये. मालक दुरुस्ती करत नाहीत, आणि आता पालिकेने इमारत धोकादायक असल्याची नोटीस लावली आहे. घर सोडले तर हक्क जाईल, अशी भीती वाटते. (भाडेकरू, शुक्रवार पेठ)

तुमची भीती मी समजू शकते. पण या भीतीपायी माणसे गळक्या छताखाली राहतात आणि ढिगाऱ्याखाली जातात. म्हणून हे नीट वाचा.

घर सोडल्याने किंवा इमारत पाडली गेल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे स्पष्ट केले आहे. मात्र हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध करता येणे वेगळे. बाहेर पडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेचे मोजमाप करून घ्या, त्याचा पालिकेकडून लेखी दाखला मागा. भाडेपावत्या, वीजबिले आणि खोल्यांचे फोटो एकत्र ठेवा.

आता नोटीस. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली ती येते, पण सगळ्या नोटिसा सारख्या नसतात. इमारतीचा वर्ग कोणता, ते विचारा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच रचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. अनेक वाडे सी-२ मध्ये बसतात आणि सी-१ म्हणून पाडले जातात. ज्यांनी आयुष्यभर काँक्रीटच्या इमारती तपासल्या, तेच अभियंते लाकडी सांगाड्याचा वाडा तपासायला येतात, हे त्यामागचे मोठे कारण. त्यांच्या लेखी लाकूड आणि माती म्हणजेच धोका. लाकडी बांधकाम जाणणाऱ्या संरचना अभियंत्याकडून दुसरा अहवाल घ्या. पण त्यानेही सी-१ म्हटले, तर त्याच दिवशी बाहेर पडा.

दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४. तुम्ही एकत्र नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत मालकाने काम काढले नाही, तर तुम्ही ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. साठ रुपये भाड्याच्या घरात ही रक्कम होते वर्षाला एकशे ऐंशी रुपये. एवढ्यात एका गवंड्याची अर्ध्या दिवसाचीही मजुरी निघत नाही. इथेच खरी गाठ आहे. १९४७च्या कायद्याने गोठवलेली भाडी पन्नासेक वर्षे तशीच राहिली, १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ रक्कमच इतकी लहान की त्या वाढीने कौलही विकत येत नाही. मुंबई शहरात उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ तरी आहे. पुण्यातल्या पेठांसाठी तसे काहीच नाही, आणि हा अन्याय आहे असे मी उघडपणे म्हणते.

म्हणून माझा सल्ला कायद्याच्या पलीकडचा आहे. मालक आणि चारही भाडेकरू एकत्र बसा, फक्त छप्पर आणि पन्हळ यांचा खर्च वाटून घ्या, आणि या खर्चाने कोणाचाही हक्क वाढत किंवा कमी होत नाही असा करार वकिलाकडून लिहून घ्या. छप्पर कोरडे राहिले तर भांडायला पुढची दहा वर्षे मिळतील.

मधल्या सोप्यातील (चौकाकडे उघडणाऱ्या पडवीतील) तुळईला वाळवी लागली आहे. ठेकेदार म्हणतो, सगळे लाकूड काढून लोखंडी गर्डर आणि वर स्लॅब टाकू. (नारायण पेठ)

स्लॅब अजिबात नको. मातीच्या भिंतीवर आणि लाकडी खांबांवर काँक्रीटचे वजन टाकणे म्हणजे वाड्याचा मृत्यू ठरवून घेणे.

जुन्या सागाची तुळई सहसा मधून सडत नाही, भिंतीत गाडलेल्या टोकाला सडते. हातोडीने ठोकत जा. भरीव लाकूड खणखणीत वाजते, पोकळ झालेले भद्द वाजते. मग टोकदार स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. खराब भाग बहुधा हात-दीड हाताचाच निघतो. टेकू देऊन तुळई उचलायची, सडलेले टोक कापायचे, त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा सांधून आतून पोलादी पट्ट्या आणि बोल्टने जखडायचा. जुना साग टिंबर मार्केटमध्ये मिळतो. तो पाडलेल्या वाड्यांचाच असतो, हे दुखते खरे, पण निदान वाड्यात परत जातो. भिंतीतल्या टोकाभोवती थोडी हवा खेळती ठेवा. वाळवीचे औषध द्याच, पण वाळवी ओलीच्या मागे येते. वरची न्हाणी गळत असेल तर औषध वाया जाईल.

आमच्या वाड्याचे नाव वारसा यादीत आहे. आता एक खिळाही ठोकता येणार नाही, असे सगळे सांगतात. यादीतून नाव काढता येईल का? आणि दर्शनी भाग तसाच ठेवून मागे सात मजली इमारत उभारली तर? (सदाशिव पेठ)

खिळा ठोकता येतो. श्रेणी पाहा. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर हात लावायला खरेच फार कमी वाव असतो. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल शक्य आहेत, तिसरीत त्याहून जास्त. प्रत्येक वेळी वारसा समितीची संमती लागते, आणि ती मिळायला लागणारा वेळ ही लोकांची रास्त तक्रार आहे. नियमित दुरुस्तीसाठी नकाशा, फोटो आणि कामाचे वर्णन असलेला नेटका अर्ज केला तर काम अडत नाही, असा माझा अनुभव आहे. न वापरता राहिलेले चटईक्षेत्र (नियमाने मिळणारे बांधकाम) विकास हक्क म्हणून दुसरीकडे हस्तांतरित करण्याची तरतूद नियमावलीत आहे, तिची चौकशी करा. त्या पैशातून दुरुस्ती होऊ शकते.

नाव काढण्याच्या प्रयत्नात जी वर्षे जातात, त्यात वाडा पडतो. काहींचा हेतूच तो असतो. तुमचा तसा नसावा, असे धरून मी लिहिते आहे.

दर्शनी भागाबद्दल: नुसते दार आणि सज्जा राखून मागे टोलेजंग इमारत, हे मला मान्य नाही. वाडा म्हणजे चौक. ओसरी, सोपा, माजघर हे सगळे चौकाभोवती बसलेले असते, हवा आणि उजेड तिथूनच येतो. चौक गेला की उरलेली महिरप ही भिंतीवर लावलेली शोभा. पूर्ण वाडा परवडत नसेल तर पहिला चौक वाचवा आणि मागच्या पडक्या भागात बांधा.

सावंतवाडीला आमचे घर आणि पुण्यात वाड्यात एक हिस्सा आहे. एकूण वारसदार सतरा, त्यातले पाच परदेशात. कोणी काही ठरवत नाही. (न्यू जर्सी)

आधी मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सगळ्या वारसांची नावे लावून घ्या. आजही अनेक वाडे पणजोबांच्या नावावर आहेत. परदेशातल्या पाच जणांनी इथल्या एका विश्वासू नातलगाला फक्त दुरुस्ती आणि करभरणा यांपुरते मुखत्यारपत्र द्या, विक्रीचे नको. भीती विक्रीची असते, म्हणून सह्या अडतात.

भिडे वाड्यासारखी वास्तू पाडावी लागली, मग आपण सामान्य वाड्यांसाठी का धडपडायचे? (इतिहासाची विद्यार्थिनी)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला.

बुधवार पेठेतल्या त्या वाड्यात १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्याहून मोठे स्थान या शहरात क्वचितच असेल. तरीही वाड्याचा मजला ढासळत गेला. स्मारक करायचे यावर सगळ्यांचे एकमत होते, पण तळमजल्यावरच्या दुकानदारांचा मोबदला आणि ताबा यांचा वाद दहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयात राहिला. वाद चालू असताना वाद घालणाऱ्या कोणत्याच बाजूला वरची कौले नीट करण्याचे कारण नव्हते. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये वाडा पाडला गेला. आता तिथे नवे स्मारक होईल. ते व्हायलाच हवे. पण ज्या भिंतींत ती शाळा भरली त्या भिंती परत येणार नाहीत, आणि याची हळहळ मला आयुष्यभर राहील.

यातून मी एकच मागणी करते: ताब्याचा वाद न्यायालयात असताना इमारतीला आधार देणे आणि छप्पर झाकणे हे पालिकेने स्वतः करावे, खर्च नंतर जिंकणाऱ्या पक्षाकडून वसूल करावा.

आणि उलट उदाहरणेही पाहा. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा १८७९च्या आगीत होरपळला, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तो उभा केला. पुढे तिथे शाळा, कचेऱ्या, टपाल कार्यालय आले. त्याचा सुरूच्या खांबांचा सज्जा आजही रस्त्यावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकातली मंडई आजही भाजी विकते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. ज्या वास्तूत रोज माणसांची ये-जा असते, तिथे गळती दुसऱ्या दिवशी कळते. कुलूप लावलेल्या वाड्यात ती पाच वर्षांनी कळते.

सामान्य वाड्यांसाठी धडपडायचे ते यासाठी, की एकटा शनिवारवाडा पेठ कशी होती ते सांगू शकत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी मातीच्या भिंती विरघळवल्या. जे उरले ते आपल्या हातात आहे. तुम्ही विद्यार्थिनी आहात, तर एका वाड्याची परवानगी घ्या, मैत्रिणींबरोबर टेप घेऊन तो मोजा, नकाशा काढा, प्रत्येक खांबाचा फोटो घ्या. दुरुस्तीचा अर्ज असो वा न्यायालयातला पुरावा, पहिली गरज याच कागदाची पडते.

तळमजला गोदामासाठी भाड्याने दिला आहे, कापडाचे गठ्ठे असतात. काही काळजी घ्यावी का? (रविवार पेठ)

घ्या, आणि आजच घ्या. १८२८ साली शनिवारवाडा जळला आणि १८७९ साली बुधवार वाडा. लाकडी वाड्यात आग वर चढायला जिना पुरतो. जुनी कापडी आवरणाची वायर सगळी बदला. तुळईवर खिळ्यांनी ठोकलेली वायर काढून नळीतून न्या. प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि मुख्य पुरवठ्याला ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. जिन्याखाली गठ्ठे, रंगाचे डबे, गॅस सिलिंडर काहीही ठेवू देऊ नका, आणि भाडेकरारात ते लिहा. बोळ अरुंद असेल तर बंब आत येणार नाही, म्हणून चौकातला जुना हौद बुजवला असेल तर उपसून पुन्हा भरता येतो का ते पाहा. अग्निशामक दलाच्या केंद्रात अर्ज देऊन त्यांना एकदा वाडा आणि बोळ दाखवून ठेवा.