अपंगत्वाच्या विषयात एमए केलं तर नोकरी लागते का?

हा प्रश्न माझ्याकडे खूपदा येतो, म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. दारव्ह्याकडची एक पोरगी वडिलांना घेऊन आली, बीए झालेलं, धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं. वडील बसल्या बसल्याच म्हणाले, "मॅडम, घरी एक हायेच ना, आता बाहेरचेही पाहाचे का? अन् नोकरी लागन का यानं?"

मी आधी तिलाच विचारलं, तुला वर्गात शिकवायचंय का? ती म्हणे, नाही, भावाचं नाव पटावर होतं पण शाळेला पायऱ्या, आई कडेवर घेऊन जायची, सातवीनंतर तेही बंद झालं, हे जिथून ठरतं तिथं मला काम करायचंय.

इथंच बहुतेक पोरांचा घोळ होतो बघा. स्पेशल टीचर व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं स्पेशल बी.एड. किंवा डिप्लोमा लागतो, 1992 च्या कायद्यानं तिथली नोंदणी पण लागते, नुसत्या एमएवर ते होत नाही. एमएचा रस्ता वेगळा, संस्था, सर्वेक्षण, समग्र शिक्षासारख्या सरकारी शालेय योजनांचं काम, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा गावात लागू होतो का ते पाहणं. यातल्या बऱ्याच नोकऱ्या करारावरच्या असतात हे मी वडिलांना स्पष्ट सांगितलं, लपवून काय फायदा.

पण खरी काळजी नोकरीची नव्हतीच. बऱ्याच वेळानं ते हळूच बोलले, "हे गेली तं पोराले उचलन कोन? हिच्या मायची कंबर गेली." मग आमचं अर्ध्याहून जास्त बोलणं त्यावरच झालं, पोराची निरामय विमा योजना काढलेली नव्हती (केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची, उपचारांसाठी वर्षाला 1 लाखापर्यंत), व्हीलचेअरचा अर्ज पण कोणी केला नव्हता, ते दोन्ही आधी करायचं ठरलं. बहिणीनं घरी राहायचं हा काही त्यावरचा उपाय नाही असं माझं ठाम मत आहे आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं.

सध्या ती एमएच्या प्रवेशासाठी सीयूईटी पीजी या परीक्षेची तयारी करतेय, आणि नाहीच जमलं तर स्पेशल बी.एड. म्हणतेय. त्यासाठी फी भरायच्या आधी कॉलेजचं नाव परिषदेच्या यादीत आहे का ते बघून घे, एवढं तिला बजावलंय.