ट्रेडमार्कचा अर्ज झाला, म्हणून डोमेन सोडायचं का?

प्रश्न : इंदूरच्या लोकमान्यनगरमध्ये मी आणि माझी जाऊ भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि जिरावण करून विकतो. 2014 मध्ये 'खमंगवेळ' (नाव बदललं आहे) या नावाची डॉट कॉम आणि डॉट इन अशी दोन्ही डोमेन घेतली. 2015 च्या दिवाळीपासून साइटवर ऑर्डरी घेतो. गेल्या महिन्यात बाहेरगावच्या एका कंपनीचा ईमेल आला : या नावाच्या ट्रेडमार्कसाठी आम्ही अर्ज केला आहे, सात दिवसांत दोन्ही डोमेन आमच्या नावे करा, नाहीतर कोर्टात जाऊ. मुलाने रागात उत्तर धाडलं, 'तीन लाख द्या आणि घेऊन जा.' आता त्यांचे वकील तेच उत्तर आमच्यावर उलटवत आहेत. शिवाय डोमेन घेतली होती ती साइट करून देणाऱ्या मुलाने, स्वतःच्या नावावर. आम्ही काय करावं?

उत्तर : नमस्कार ताई. सात दिवस केव्हाच उलटले आणि काही झालं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ती मुदत त्यांनी स्वतःच ठरवलेली होती, कायद्यात तिला कुठलाही आधार नाही.

तुम्ही कळवलेला अर्ज क्रमांक मी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर टाकून पाहिला. हे कोणालाही फुकट पाहता येतं. अर्ज 2024 चा आहे, वर्ग 30 मधला, म्हणजे पिठं, मसाले, नमकीन. स्थिती 'ऑब्जेक्टेड', म्हणजे परीक्षकानेच त्यावर हरकत काढली आहे. आणि नाव कधीपासून वापरात आहे या रकान्यात लिहिलं आहे, 'प्रपोज्ड टू बी यूज्ड'. अर्जाच्या दिवशी हे नाव बाजारात वापरलेलं नव्हतं, पुढे वापरायचा विचार आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं आहे. हे पान तारखेसकट उतरवून ठेवा. असे अर्ज मागाहून दुरुस्त करायचे प्रयत्न होतात.

नुसत्या अर्जाच्या जोरावर ट्रेडमार्क कायद्याखाली उल्लंघनाचा दावा लावता येत नाही, त्यासाठी नोंदणी लागते. उद्या नोंदणी झाली, तर ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणजे 2024 पासून. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, 1999 चं कलम 34 सांगतं की नोंदणी किंवा त्यांचा वापर यांतल्या आधीच्या तारखेपूर्वीपासून कोणी तेच नाव सतत वापरत असेल, तर नोंदणीवाला त्याला अडवू शकत नाही. तुमची दिवाळी 2015 ची आहे. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये हेच धरलं : आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. आणि डोमेन म्हणजे केवळ पत्ता नसून तो व्यापारी नावासारखा जपता येतो, हे त्याच कोर्टाने सिफी या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात 2004 मध्येच सांगून ठेवलं आहे.

पण कलम 34 ला वापर लागतो. 2014 मध्ये डोमेन घेतलं, हा वापर नाही. नाव घेऊन ठेवलं आणि पान कोरं, तर या कलमाखाली त्या वर्षाचा काही उपयोग नाही. तुमची गणती पहिला डबा गेला तिथून सुरू होते. 2020-21 मध्ये काम काही महिने थांबलं होतं असं तुम्ही फोनवर म्हणालात. माझ्या मते तेवढ्याने सातत्य तुटत नाही, कारण साइट चालू होती आणि कारण सगळ्या जगाला माहीत आहे. तरी त्या काळातल्या दोन-चार ऑर्डरी सापडल्या तर शोधा.

नशीब म्हणा, तुम्ही 'इंदुरी जिरावण' असं नाव ठेवलं नाहीत. गावाचं आणि पदार्थाचं नाव जोडून केलेल्या ट्रेडमार्कवर एकट्याचा हक्क सांगणं फार अवघड. मग त्यांनाही ते मिळालं नसतं आणि तुम्हालाही जपता आलं नसतं.

आता मला खरी काळजी वाटते ती साइट करणाऱ्या त्या मुलाची. तो भला असेलही, पण कागदोपत्री आज डोमेनचा मालक तो आहे. उद्या कंपनीने त्यालाच गाठून पन्नास हजार हातावर ठेवले तर? म्हणून डोमेन तुमच्या नावावर करून घ्यायलाच हवं. मात्र घाईत नुसतं नाव बदलू नका. डॉट कॉमचे वाद यूडीआरपी नावाच्या नियमावलीखाली चालतात, आणि तिथे नोंदीतला मालक बदलला की बऱ्याचदा ती नवी नोंद समजली जाते. म्हणजे तुमची 2014 ही तारीख जाऊन यंदाची लागू शकते, आणि यंदा त्यांचा अर्ज तर आधीच आलेला आहे. तेव्हा आधी त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या की 2014 पासून डोमेन तुमच्यासाठी, तुमच्या पैशाने घेतलेलं होतं आणि तो फक्त सांभाळत होता. जोडीला त्या वेळचं त्याचं बिल, तुम्ही पैसे पाठवल्याची बँकेची नोंद. मग नाव बदला. ही साखळी दाखवता आली की जुनी तारीख टिकवता येते. दरवर्षीचं नूतनीकरणही आपल्या कार्डावर घ्या. मुदत संपून डोमेन सुटलं आणि दुसऱ्याने उचललं, तर वरचा सगळा कायदा डोक्यावर घेऊन फिरायची वेळ येईल.

यूडीआरपीत डोमेन काढून घ्यायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : त्यांचा ट्रेडमार्क, तुमचा त्या नावावर न्याय्य हक्क नसणं, आणि वाईट हेतूने नोंद आणि वापर, दोन्ही. प्रलंबित अर्ज पहिल्या पायरीलाच अपुरा पडतो. शिवाय 2014 मध्ये जो ट्रेडमार्क नव्हताच, तो लुबाडायचा हेतू कुठून आणणार? डॉट इनची नियमावली, आयएनडीआरपी, जरा कडक आहे : तिथे नोंद किंवा वापर यांतलं एक वाईट ठरलं तरी चालतं. म्हणून त्या साइटवर त्यांच्या मालाशी गोंधळ होईल असं काही टाकू नका, दुसऱ्यांच्या मसाल्यांच्या जाहिराती तर नकोच.

आणि ते तीन लाख. ट्रेडमार्कवाल्याला चढ्या भावाने विकण्यासाठी नाव घेणं, हा वाईट हेतूचा ठरलेला नमुना आहे, म्हणून त्यांचे वकील खूश आहेत. तुमच्या बाबतीत तो लागू पडायचा नाही, कारण किंमत त्यांनी मागणी केल्यावर आली आणि तेव्हा तुमचा धंदा नऊ-दहा वर्षं चालू होता. पण मुलाला सांगा, यापुढे एक ओळही लिहायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठासुद्धा नाही. तक्रार दाखल झालीच तर ती ईमेलनेही येते आणि यूडीआरपीत उत्तराला 20 दिवस असतात, तेव्हा स्पॅमचा डबा रोज उघडून पाहा.

एवढ्यावर स्वस्थ बसायचं का? नाही. कलम 34 तुम्हाला वाचवतं, त्यांना थांबवत नाही. परीक्षकाची हरकत दूर झाली की त्यांचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येईल. जर्नल दर सोमवारी निघतं. प्रसिद्धीपासून चार महिन्यांत विरोध दाखल करायचा, ऑनलाइन फी एका वर्गाला 2,700 रुपये, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. खरं म्हणजे लोक हरतात ते इथेच. सोमवारी संध्याकाळी अर्जाची स्थिती पाहायचं काम जाऊबाईंकडे द्या. दरम्यान तुमचा स्वतःचा अर्जही करू, 2015 पासूनच्या वापराचं प्रतिज्ञापत्र जोडून. व्यक्तीला एका वर्गाची ऑनलाइन फी 4,500 आहे. मध्य प्रदेश मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो, पण सगळं इथूनच होतं. तुमच्या अर्जाला त्यांचा अर्ज आडवा येईल, त्याचं उत्तर तेव्हा देऊ.

बिनबुडाच्या धमकीबद्दल कलम 142 खाली तुम्हाला उलट दावाही करता येतो. मी सुचवणार नाही. खर्च तुमचा, आणि त्यांना आयता मैदानात उतरायचा बहाणा.

त्यांना माझ्याकडून चार ओळींचं उत्तर जाईल : 2015 पासून वापर, डोमेन देणार नाही, पुढचा पत्रव्यवहार वकिलाशी. त्यासाठी पिशव्या छापल्याची बिलं, एफएसएसएआयचं प्रमाणपत्र, गणेशोत्सवातल्या स्टॉलचे फोटो आणि कुरिअरच्या पावत्या घेऊन या. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या दोन पावत्यांवरची अक्षरं आत्ताच अर्धी उडालेली दिसतात. तो गुळगुळीत कागद असाच असतो, स्वयंपाकघराच्या उबेत तर लवकरच पांढरा होतो. बाकीचं सावकाश करा, पण त्या पावत्यांचे फोटो आज रात्रीच काढा.