‘हे पुस्तक काढून घेऊ का?’ : नवाहोंच्या हकालपट्टीची गोष्ट आणि नऊ वर्षांची वाचक

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांकडून ही काळजी नेहमी ऐकू येते, मूल चौथी-पाचवीत गेलं की हमखास. शाळेतून एखादी ऐतिहासिक कादंबरी घरी येते. गुलामगिरीवरची असते, ज्यूंच्या संहारावरची असते, नाहीतर तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हाकलल्याची. मूल ती वाचून काढतं आणि मग रात्री झोपत नाही. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, “एवढ्या लहान वयात हे कशाला? पुस्तक काढून घेऊ का?”

इथे सांगते आहे तो अनुभव ॲरिझोनातल्या एका कुटुंबाचा आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची. पुस्तक एका नवाहो मुलीच्या तोंडून सांगितलेलं, 1864 सालातलं. नवाहो ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात. अमेरिकी सैन्याने नवाहोंना घरदार सोडायला लावून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला नेलं, त्याची गोष्ट. पुस्तक सुरू झाल्यापासून मुलगी एकटी झोपेना. ताटात पोळी उरली की “डब्यात भरून ठेव” म्हणायची. “आपल्याकडे सैनिक येतील का?” हेही विचारून झालं होतं. आईने पुस्तक चाळलं, तेव्हा एका पानावर ती थबकली. चालवत नाही म्हणून एका गरोदर बाईला मागे ठेवून सगळे पुढे निघतात आणि थोड्या वेळाने मागून गोळीचा आवाज येतो. हेच पान पोरीच्या डोक्यात बसलंय, अशी आईची खात्री होती.

हा प्रसंग लेखकाने मनाने रचलेला नाही. नवाहो कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या आठवणींत तो पुन्हा पुन्हा येतो, म्हणून चांगली बालपुस्तकंही तो गाळत नाहीत. मोठ्या माणसाला तो वाचवत नाही. पण मूल नेमकं तिथेच घाबरलं असेल असं आपण धरून चालतो, आणि गाडी चुकीच्या रस्त्याला लागते.

म्हणून आधी घबराटीचं पान शोधायचं. “तुला कशाची भीती वाटते?” असं विचारलं तर नऊ वर्षांचं मूल खांदे उडवतं. त्यापेक्षा तीन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या द्याव्यात: भीती वाटली तिथे लाल, कळलं नाही तिथे पिवळी, आवडलं तिथे हिरवी. मूल चिकटवत असताना शेजारी बसायचं, पण का म्हणून विचारायचं नाही. अर्ध्या तासात पुस्तक स्वतःच बोलायला लागतं.

या मुलीने गोळीच्या आवाजाच्या पानावर पिवळी चिठ्ठी लावली. लाल चिठ्ठी लागली ती खूप आधीच्या पानावर: सैनिक दारात आहेत, निघायला थोडाच वेळ आहे आणि काय घ्यायचं, काय टाकायचं हे आजी ठरवते आहे. त्याच आठवड्यात केर काढताना आईला पलंगाखाली शाळेची जुनी बॅग सापडली. आत बिस्किटांचे दोन पुडे, पाण्याची भरलेली बाटली, धाकट्या भावाचा स्वेटर, आजीने पाठवलेली लहान गोधडी आणि कपाटातून काढून आणलेला भावाचा पासपोर्ट. स्वतःचा पासपोर्ट नव्हता, कारण तो वरच्या कप्प्यात होता आणि तिचा हात पुरला नव्हता.

घरात त्या दिवसांत आणखी एक गोष्ट चालू होती. बाबांच्या कंपनीत नोकरकपात होणार होती. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते. आईबाबा रात्री स्वयंपाकघरात हळू आवाजात याचीच चर्चा करत. “साठ दिवसांत निघावं लागेल” हे वाक्य मुलीने ऐकलं होतं. पुढचं-मागचं ऐकलं नव्हतं. ते तिला पुस्तकाने पुरवलं.

अशा बहुतेक प्रकरणांत हेच आढळतं. पुस्तकाची भीती एकटी येत नाही. घरातल्या एखाद्या अर्धवट कळलेल्या गोष्टीला ती जाऊन चिकटते. पुस्तक काढून घेतलं असतं तर बॅग पलंगाखालीच राहिली असती, आणि वर ‘आईलाही भीती वाटते’ एवढं मुलीला कळलं असतं.

पहिलं काम आईबाबांचं होतं, पुस्तकाचं नव्हे. दिवसाउजेडी, जेवण झाल्यावर, दोघांनी मिळून सांगायचं: “बाबांची नोकरी कदाचित जाईल. गेली तर ते दुसरी शोधतील. नाही मिळाली तर आपण चौघं विमानाने पुण्याला आजीकडे जाऊ. काय ठरतंय ते तुला आधी सांगू.” एवढंच. “काही होणार नाही गं” हे वाक्य टाळायचं, कारण उद्या काही झालं तर तुमच्या पुढच्या शब्दावर मूल विश्वास ठेवणार नाही. बॅग तिच्यासमोर रिकामी करायची नाही, तिच्यामागे तर नाहीच. फक्त पासपोर्ट तिला सांगून बाहेर काढायचा, चौघांचे पासपोर्ट एका फायलीत ठेवायचे आणि ती फाइल कुठे आहे ते तिला दाखवायचं.

मग आल्या पिवळ्या चिठ्ठ्या. इथे पालकांना अभ्यास करावा लागतो, आणि तो करण्यासारखा आहे. अपुऱ्या माहितीच्या जागा मूल आपल्या कल्पनेने भरतं आणि ती कल्पना खऱ्या इतिहासाहून भयंकर असू शकते.

“झाडं का तोडली?” ही पहिली चिठ्ठी. अमेरिकी सैन्याच्या जनरल जेम्स कार्लटनने 20 जुलै 1863 ही शरण येण्याची शेवटची तारीख ठरवली होती. किट कार्सनच्या हाताखालच्या सैन्याने समोरासमोर लढाया फारशा केल्याच नाहीत. त्यांनी अन्न संपवलं. मक्याची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या किंवा पळवल्या, हॉगन म्हणजे नवाहोंची घरं पेटवली. जानेवारी 1864 मध्ये, ऐन बर्फात, सैन्य कॅन्यन डी शे या खोल दरीत शिरलं. उपाशी, गारठलेली माणसं त्यानंतर मोठ्या संख्येने शरण आली. दरीतल्या पीचच्या हजारो झाडांवर कुऱ्हाड पडली ती त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, बरीचशी माणसं नेल्यावर. गोष्ट सलग व्हावी म्हणून काही पुस्तकं हा क्रम उलटा करतात. मुलीला वाटत होतं की सैनिक चिडले म्हणून त्यांनी झाडं तोडली. मागे लपून राहिलेल्यांना खायला मिळू नये म्हणून तोडली, हे कळल्यावर ती म्हणाली, “म्हणजे त्यांनी ठरवून केलं.” हो, ठरवून. हे उत्तर सौम्य नाही, पण त्यात कार्यकारण आहे. आपलं काहीतरी चुकलं म्हणून कोणीतरी चिडून घरी येईल, ही भीती त्याने सुटते.

“ते लढले का नाहीत?” लढले की. 30 एप्रिल 1860 ला मॅन्युएलितो आणि बार्बोन्सितो या नवाहो पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे हजार योद्ध्यांनी फोर्ट डिफायन्स या अमेरिकी लष्करी ठाण्यावर हल्ला केला होता. 1863-64 च्या हिवाळ्यात सुमारे तीनशे माणसं कॅन्यन डी शेमधल्या एका उंच सुळक्यावर जाऊन राहिली. लाकडी शिड्या लावून चढली आणि शिड्या वर ओढून घेतल्या. पाणी संपलं तेव्हा रात्री खाली झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या डोक्यावरून दोराने भोपळे सोडून ओढ्यातलं पाणी भरून घेतल्याचं नवाहो सांगतात. मॅन्युएलितो शरण आला तो थेट सप्टेंबर 1866 मध्ये. या सुळक्याची गोष्ट मुलं दोनदोनदा सांगायला लावतात. जरूर सांगा.

“सगळे एकदम चालले का?” नाही. 1864 पासून 1866 पर्यंत अनेक तुकड्या, वेगवेगळ्या वाटांनी. वाटेनुसार अंतर साधारण 400 ते 700 किलोमीटर. हे नकाशावर रेघा ओढून दाखवावं. पट्टीने मोजता आलेलं अंतर मुलाला पेलतं, ‘खूप खूप लांब’ हे पेलत नाही.

फोर्ट समनरला, पेकोस नदीकाठी असलेल्या बोस्के रेडोंडो या छावणीबद्दल थोडक्यात पण खरं सांगावं. सोय पाच हजारांची धरलेली, माणसं आठ हजारांहून जास्त. नदीचं पाणी खारट, पिऊन पोटं बिघडायची. मका लावला तर अळी पडून पीक जायचं. सरपण जवळचं संपलं, मग मैलोन्‌मैल जाऊन झुडपांची मुळं खणून पाठीवर आणायची. रोगराईने आणि उपासमारीने दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. मूल विचारेल, “लहान मुलंसुद्धा?” हो म्हणायचं, आणि थोडा वेळ काही बोलायचं नाही. लगेच विषय बदलू नये.

याच छावणीतली आणखी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. शिध्यासाठी सैन्याने बिल्ले दिले होते. नवाहो कारागिरांनी हुबेहूब तसेच बिल्ले बनवले आणि लोकांना जास्तीचा शिधा मिळवून दिला. या मुलीने तिथे स्वतःहून हिरवी चिठ्ठी लिहिली आणि पुस्तकात हे नाही म्हणून पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. संकटातली माणसं फक्त सोसत नसतात, ती काहीतरी करतही असतात. घाबरलेल्या मुलाला सगळ्यात जास्त गरज अशाच तपशिलांची असते.

आणि शेवटची चिठ्ठी: “मग ते घरी गेले का?” पुस्तक छावणीतच संपत होतं. ही या प्रकारच्या कादंबऱ्यांतली मोठी अडचण आहे, कारण शेवटच्या पानानंतर मूल तिथेच अडकून राहतं. पुढचं तुम्ही सांगायचं. 1868 मध्ये अमेरिकी सरकारतर्फे जनरल शर्मन वाटाघाटींना आला. नवाहोंना आणखी पूर्वेला, आजच्या ओक्लाहोमाकडे पाठवावं असा एक पर्याय होता. बार्बोन्सितोने तो ठामपणे नाकारला आणि आपल्याच जमिनीवर परत जायचं म्हणून सांगितलं. 1 जून 1868 ला करार झाला. 18 जूनला सात हजारांहून अधिक माणसं परत निघाली, रांग सुमारे दहा मैलांची. आपल्या देशी परत जाण्याचा असा हक्क मिळवणं त्या काळात फार थोड्या जमातींना साधलं. आज नवाहो नेशनचे नोंदणीकृत सदस्य चार लाखांच्या आसपास आहेत आणि राजधानी विंडो रॉक ॲरिझोनातच आहे. ‘नवाहो असायचे’ असं नव्हे, ‘आहेत’ असं बोलायचं. कदाचित ते मुलीच्या वर्गातही असतील. पण त्या वर्गमित्राला “तुझ्या पणजीचं काय झालं?” असं विचारू नये, हे मुलीला आधी सांगून ठेवा. कित्येक नवाहो घरांत त्या वर्षांबद्दल बोलणं टाळलं जातं. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐकावं.

वाचनाची घडीही बदलली. झोपायच्या आधी हे पुस्तक नाही, दोन तासांचं अंतर. संध्याकाळी वीस मिनिटं, आईने मोठ्याने वाचायचं, मुलीने हात वर केला की थांबायचं. गुपचूप पानं गाळायची नाहीत. मूल ती नंतर एकटं वाचतं, आणि एकटं वाचलेलं जास्त छळतं. वाचून झालं की अंगाने करायचं काहीतरी काम: कणीक मळणं, झाडांना पाणी घालणं. पुस्तक डायरीच्या रूपात असेल तर तेही सांगून टाकावं, की ही लेखकाची योजना आहे. त्या काळी नवाहो भाषा लिहिली जात नव्हती, तेव्हा 1864 मधल्या नवाहो मुलीने अशी डायरी लिहिली नसती.

आईचा आणखी एक प्रश्न होता, वयाचा. सहा-सात वर्षांच्या मुलाला हकालपट्टी आणि परतणं एवढं सांगितलं तरी पुरे. आठ ते दहामध्ये उपासमार आणि मृत्यू सांगता येतात, मात्र शेजारी मोठं माणूस हवं. करारातलं सहा ते सोळा वयाच्या मुलांना सक्तीने शाळेत घालण्याचं कलम आणि पुढे वसतिशाळांत मुलांना घरापासून तोडल्याचा इतिहास अकरा-बारानंतर. मात्र नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःहून विचारलं तर खोटं सांगायचं नाही.

या मुलीची झोप तिसऱ्या आठवड्यात रुळावर आली. बॅगेतला स्वेटर भावाला थंडीत लागला म्हणून तिनेच काढून दिला. सगळ्यांचं असं होतंच असं नाही. महिनाभर झोप मोडत असेल, पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागलं असेल, शाळेच्या वेळेलाच पोट दुखत असेल किंवा खाणं साठवणं वाढत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि मग बालमानसतज्ज्ञ गाठावा. तिथे पुस्तकाबद्दल सांगाच, पण घरातल्या नोकरी-व्हिसाच्या ताणाबद्दलही सांगा. तो बहुतेक पालक सांगत नाहीत.

शाळेचं एक काम मात्र उरलं होतं. पुस्तकाबरोबर एक कार्यपत्रिका आली होती: ‘सैनिक दारात आहेत, तुम्ही कोणत्या पाच वस्तू घ्याल?’ अशा कृती वर्गात सर्रास दिल्या जातात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या मुलांच्या घरात खरोखर निघण्याची टांगती तलवार आहे, त्यांच्यासाठी तो खेळ राहत नाही, आणि नवाहो मुलासाठी तर नाहीच. आईबाबांनी शिक्षिकेला चार ओळींची ईमेल पाठवली. तक्रार नव्हती. घरातली परिस्थिती थोडक्यात सांगितली, ही पत्रिका सोडायची परवानगी मागितली आणि तिच्याऐवजी काय करता येईल तेही सुचवलं: नवाहो देशाच्या सीमा मानल्या जाणाऱ्या चार पवित्र पर्वतांचा नकाशा, त्यावर फोर्ट समनर आणि 1868 मधली परतीची वाट. शिक्षिकेने दुसऱ्याच दिवशी होकार कळवला आणि तो नकाशा सगळ्या वर्गाला करायला दिला.